धावड्याची कॅसेट

२७ मार्च, गुरुवार

रोजनिशी आजपासून. रिटायर झालेल्या माणसाने डोक्याला काम द्यावं असं सगळे म्हणतात. देतो.

सुमेधा पुण्याहून बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर म्हणजे मी एकटा. जावई मिथुनराव तिला सोडून, चहा पिऊन परत गेले. रजा नाही. उद्या धावड्याहून गिरिजाबाई येतील. माझ्या बायकोची, शिवकन्येची, मोठी बहीण. धावडा हे दोघींचं माहेर, गिरिजाबाई आता तिथेच राहतात. बाळंतपणातलं जे काही असतं ते त्या बघतील, बाकीचं मी बघेन. बाकीचं काय असतं ते विचारून घ्यायचं आहे.

जेवताना सुमेधाने विचारलं, पप्पा, माझ्या नामकरणाची कॅसेट आहे ना अजून? आहे म्हणालो. त्यात आई पाळणा म्हणते ना? म्हणते म्हणालो. मग बराच वेळ नुसता भात कालवत बसली. शिवकन्या गेली तेव्हा ही तीन वर्षांची. आईचा चेहरा फोटोंमुळे माहीत आहे, पण आवाज बिलकुल आठवत नाही म्हणाली. तेव्हा काही मोबाईल नव्हते. शिवकन्येचा आवाज जगात कुठे असला तर त्या एका कॅसेटमध्ये आहे. सुमेधाचं मागणं एवढंच, की तिच्या बाळाच्या नामकरणाला पाळणा आजीच्या आवाजात लागला पाहिजे.

सांगितलं, काळजी करू नको. माझी उभी नोकरी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवण्यात गेली. कॅसेट म्हणजे शेवटी काय, एक चाक सोडतं आणि दुसरं गुंडाळतं. येत्या रविवारी करून टाकतो.

२८ मार्च, शुक्रवार

माळ्यावरून कॅसेट काढली. पत्र्याच्या पेटीत शिवकन्येच्या साड्यांखाली होती. साड्या तशाच परत ठेवल्या. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर रिळावर पांढरी बुरशी, लोणच्यावर येते तशी. वरवरची आहे.

गिरिजाबाई आल्या. डिंक, मेथ्या, खारका, शिवाय एक गाठोडं ज्याच्यात काय आहे ते मला सांगितलं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हापासून त्या मला सर म्हणतात. कॅसेट हातात घेऊन म्हणाल्या, "सर, ही तुमी कवाच दावली न्हाई आमाला." सांगितलं, घरात व्हीसीआर नव्हता. तर म्हणाल्या, "तवा भाड्यानं मिळत व्हता की."

मिळत होता. पण भाड्याची मशीनं कॅसेट खराब करतात. मी जपून ठेवली म्हणून तर आज हातात आहे.

कॉम्प्युटरला जोडायचं कॅप्चरचं यंत्र ऑनलाईन मागवलं. व्हीसीआर तेवढा शोधायचा.

३० मार्च, रविवार

आजच करणार होतो, पण आज पाडवा. व्हीसीआर आहे शेजारच्या बद्रीनाथकडे आणि त्याच्या दारात गुढी, घरात पाहुणे. सणाच्या दिवशी कोणाच्या घरी व्हीसीआर मागायला जाऊ नये.

२ एप्रिल, बुधवार

बद्रीनाथने व्हीसीआर दिला. त्यांच्याकडे तो टीव्हीखाली पाट म्हणून वापरात होता. काढल्यावर टीव्ही बुटका झाला अशी द्वारकावहिनींची तक्रार. बद्रीनाथचं कापडाचं दुकान आहे, फुकट काही सुटत नाही त्याच्या हातून. म्हणाला, "मंग आमच्या लग्नाची कॅसेट बी मोबाईलमदी घेऊन दे." घेतली.

म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच पहिला ग्राहक आला. जुन्या जालन्यात घरटी एक कॅसेट तरी निघेल. प्रत्येक घरात कोणी ना कोणी गेलेलं आहे. संध्याकाळी बोर्डाचं नावसुद्धा सुचलं, 'स्मृती डिजिटल'. सुमेधाला सांगितलं. ती म्हणाली, आधी आपली करा.

५ एप्रिल, शनिवार

व्हीसीआर उघडला. आतला रबरी पट्टा वितळून काकवी झाली आहे. असा पट्टा आता मिळत नाही. भाजीवाल्याकडून आलेल्या कोथिंबिरीच्या जुडीचं रबर बसवलं. फिरतं.

६ एप्रिल, रविवार

आपली कॅसेट पहिली लावणं धोक्याचं. म्हणून चाचणीसाठी बद्रीनाथची लावली. मुंडावळ्या दिसल्या, घोडा दिसला, मग मशीनने रीळ आत ओढून घेतली आणि परत देईना. कापून काढावी लागली. सगळी नाही, अडकलेली तेवढीच. बरीच अडकली होती.

तांत्रिकदृष्ट्या चाचणी यशस्वी. दोष रबरात आहे हे सिद्ध झालं. दुसरं रबर घातलं, औषधाच्या पुडीचं.

७ एप्रिल, सोमवार

बद्रीनाथने कंपाउंडवरून विचारलं, "झालं का बे?" काम चालू आहे म्हणालो. हे खोटं नाही.

९ एप्रिल, बुधवार

यूट्यूबवर एक गोरा माणूस सांगत होता की जुनी रीळ ओल धरते, ती ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजून घेतात. व्हिडिओ लांबलचक होता, उरलेला नंतर बघेन. मुद्दा लक्षात आला. एप्रिलमध्ये जालन्यात ओव्हन लागत नाही, गच्ची पुरते.

गच्चीवर गिरिजाबाईंनी जुन्या साडीवर कुरडया घातल्या आहेत. त्याच साडीच्या कडेला कॅसेट ठेवली. वरून ओढणी टाकली, कावळ्यांसाठी. गिरिजाबाईंनी विचारलं, "सर, ही कवा तळायची?" त्यांना विज्ञानाचं अंग नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

सुमेधाला दवाखान्यात दाखवून आणलं. पाय सुजलेत. मीच सोबत जाणार होतो, पण कॅसेट उलटी करायची होती. गिरिजाबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं बराबर आहे. माझंही तेच मत होतं.

१२ एप्रिल, शनिवार

त्या गोऱ्या माणसाचा उरलेला व्हिडिओ बघितला. शेवटी म्हणतो, भाजायचं ते जुन्या ऑडिओच्या काही रिळांना, व्हीएचएस कॅसेट कधीही भाजू नका. हे त्याने सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. खाली तशी कॉमेंट टाकली.

कॅसेट खाली आणली. डबा एका अंगाने वाकला आहे. आतली रीळ ठीक असावी. बुरशी मात्र वाळली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आज काम नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. सकाळी पुतळ्याला हार घालून आलो. सुमेधा दारात खुर्ची टाकून मिरवणूक बघत बसली होती. डीजेमुळे बाळ आत लाथा मारतंय म्हणाली. मग विचारलं, आई जयंतीला गायची का? गायची म्हणालो. काय गायची? गाणी म्हणालो.

आणखी काही विचारलं असतं, पण डीजे आला.

१६ एप्रिल, बुधवार

मोठा निर्णय. आपला वाकलेला डबा टाकून दिला. बद्रीनाथच्या कॅसेटमधली उरलेली रीळ काढून तिच्या डब्यात आपली रीळ बसवली. हृदयाचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला जसं वाटत असेल तसं मला वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही, पाठ दुखली.

डब्यावर सोनेरी अक्षरात 'चि. बद्रीनाथ आणि चि. सौ. कां. द्वारका' असं आहे. स्टिकर निघत नाही. तर आता शिवकन्या त्यात आहे.

काम करताना रीळ तुटली. मग आणखी एकदा तुटली. इन्शुलेशन टेपने जोडली, काळी, आयएसआय मार्कची. नोकरीत इतक्या वायरी जोडल्या, माझा एक जोड कधी सुटला नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

कॅप्चरचं यंत्र आलं. सोबतची सीडी घालायला आता कोणत्याच लॅपटॉपला जागा नसते. त्यांनाच कळत नाही लोकांना काय हवं असतं.

२० एप्रिल, रविवार

आज प्रत्यक्ष प्रयोग. सुमेधाला उशीला टेकवून समोर बसवलं. गिरिजाबाई पदराला हात पुसत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. बटण दाबलं.

आधी मुंग्या. मग पट्टे. मग पाय आले. बायकांचे पाय, जोडवी, शेणाने सारवलेली जमीन, एक स्टीलचा ग्लास. पट्टे. परत तेच पाय. गिरिजाबाई म्हणाल्या, "हे माझेच पाय हायेत." मग जोड आला आणि मशीन कण्हल्यासारखं करून बंद पडलं. टेपचा काळा गोंद आत जाऊन रीळ वाचणाऱ्या हेडला बसला. माझा जोड सुटला नाही हे मात्र खरं. मशीनच त्याच्यापुढे टिकलं नाही.

सुमेधाने विचारलं, आवाज का नव्हता? सांगितलं, आवाज दुसऱ्या टप्प्यात. नंतर बघितलं तर आवाजाची पांढरी पिन लावायची राहिली होती. म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं काम सोपं आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

बद्रीनाथला सांगून टाकलं, की त्यांच्या लग्नाची कॅसेट काळाच्या ओघात टिकली नाही. तो म्हणाला, "जाऊ दे. सासरा नाचून राह्यला त्याच्यात, बघवत न्हाई." मला वाटलं प्रकरण मिटलं. तर म्हणाला, डबा तेवढा परत दे, द्वारकाला कळायला नको.

डबा सध्या देता येत नाही. का, ते त्याला सांगितलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

सुमेधा म्हणाली, संभाजीनगरला एक दुकान आहे, अशाच कॅसेटी करून देतात, मिथुनने चौकशी केलीय. मी स्पष्ट नाही म्हणालो. घरची वस्तू कोणा परक्याच्या हातात द्यायची नाही. दुकानदार कामाला पोरं ठेवतात, ती मोबाईल बघत काम करतात.

सुमेधा चिडली. चिडली की तिचं नाक लाल होतं. म्हणाली, पप्पा, तुम्हाला ती कॅसेट बघायची तरी आहे का? इतकी वर्षं घरात होती, मी मागेपर्यंत तुम्ही एकदा तरी खाली काढली का?

हा काय प्रश्न झाला. हेड पुसायला स्पिरिट संपलं होतं, ते आणायला बाहेर गेलो. येताना मुद्दाम मामा चौकातून वळसा घालून आलो, ऊन उतरावं म्हणून.

२५ एप्रिल

स्पिरिट निरुपयोगी.

२९ एप्रिल, मंगळवार

दुपारी मुलगी झाली. सुमेधा सुखरूप, बाळ सुखरूप. मी थोडा उशिरा पोचलो, कारण हेडचा गोंद ब्लेडने खरवडत होतो आणि फोन सायलेंटवर होता. गिरिजाबाईंनी सुमेधाला रिक्षातून नेलं. मिथुनराव पुण्याहून माझ्या आधी पोचले.

बाळ बघितलं. लहान आहे. गिरिजाबाईंनी माझ्या हातात दिलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, काही होईल म्हणून. मी म्हणालो, वजन चांगलं आहे.

हेड ब्लेडने खरवडायचं नसतं असं आता वाचनात आलं.

२ मे, शुक्रवार

बाळ घरी आलं. नामकरण बुद्ध पौर्णिमेला ठरलं, १२ तारखेला, इथेच घरी. मोजके लोक.

कॅसेट जागेवर नाही. घरभर शोधली. शेवटी सुमेधा बाळाला थोपटत म्हणाली, मिथुन घेऊन गेला संभाजीनगरला. मला न विचारता. रागवायला हवं होतं. व्हीसीआर बद्रीनाथला परत नेऊन दिला. त्यांचा टीव्ही पुन्हा उंच झाला.

६ मे, मंगळवार

मिथुनराव पेन ड्राइव्ह घेऊन आले. दुकानदाराने बुरशी काढली, जोड काढून नीट जोडले, सगळं व्यवस्थित केलं. मधला काही भाग गेला, पण पाळणा आहे. माझं प्राथमिक काम झालेलं असल्यामुळे त्याला सोपं गेलं असणार. दुकानदाराने विचारलं म्हणे, तुम्ही बद्रीनाथ का?

लगेच टीव्हीला लावलं. सुमेधा, मिथुनराव, गिरिजाबाई, मी. बाळ झोपलं होतं.

धावड्याचं घर. साडीचा पाळणा. दाटीवाटीने बसलेल्या बायका. मी एकदा आडवा जातो, सफारी, मिशा, कॅमेऱ्याकडे बघून उगाच हसतो. मग शिवकन्या. हिरवी साडी, डोक्यावर पदर. माझ्या डोक्यात होती त्यापेक्षा खूप लहान निघाली. सुमेधापेक्षाही लहान. पाळण्याची दोरी धरते, बायका तिला पुढे ढकलतात, ती लाजते, मग मान वर करून तोंड उघडते.

आणि तिच्या तोंडातून सिनेमातल्या नटीचं गाणं येतं.

शेवटपर्यंत गाणंच. ती पाळणा म्हणते आहे हे दिसतं, ऐकू येतं ते गाणं. ते संपल्यावर दुसरं गाणं. मिथुनराव म्हणाले, दुकानात आवाजाची चूक झाली असेल. चूक नाही. तेव्हा याला मिक्सिंग म्हणायचे. कॅसेट करणारा खालचा आवाज काढून त्या जागी चालू सिनेमातली गाणी टाकायचा, मधूनमधून बदामाच्या आकारात चेहरे फिरवायचा. लग्न असो, नामकरण असो, सगळ्यांना मिक्सिंग हवंच असायचं. साधी कॅसेट कोणी घ्यायचं नाही.

सुमेधा उठली आणि बाळ झोपलेलं असतानाच त्याला मांडीवर घेऊन बसली. मला काही वाटलं नाही. एवढंच वाटलं की हिरव्या साडीचं मला माहीत नव्हतं. ती साडी पेटीत नाही.

७ मे, बुधवार

प्रश्न मिक्सिंगचा असेल तर मिक्सिंग नसलेली मूळ कॅसेट कुठेतरी असणारच. शूटिंग वसंताने केलं होतं. तेव्हा भोकरदनला त्याचा स्टुडिओ होता, आता राजूरला गणपतीच्या देवळासमोर हार-प्रसादाचं दुकान आहे. सकाळच्या एसटीने गेलो. सुमेधाला सांगितलं, आवाज घेऊनच येतो.

वसंताने ओळखलं. चहा पाजला. मूळ कॅसेटचं विचारल्यावर हसला. म्हणाला, "सर, येकच कॅसेट व्हती शूटिंगची. मिक्सिंग झालं की तिच्यावरच दुसरं लगीन." म्हणजे शिवकन्येच्या आवाजावर कोणाचं तरी लग्न आहे, आणि त्या लग्नावर आणखी कोणाचं. मी म्हणालो, निदान आवाज तरी ठेवायचा. तर म्हणाला, "आवाज कोनाला पाह्यजे व्हता तवा? लेकरं रडून राह्यली, बाया बोलून राह्यल्या, मागं इंजिन चालून राह्यलं. लोकच म्हनायचे, हे समदं काढ अन् गानं टाक." त्याने विचारलं, का, वहिनी कशा आहेत? गेल्या म्हणालो. कवा? म्हणालो, झाली पंचवीसेक वर्षं. त्याने पेढ्याचा पुडा दिला आणि पैसे काढले तर हाताने नको नको केलं.

येताना एसटीत उभा राहून आलो. पुडा सुमेधाला दिला. ती म्हणाली, आणला का आवाज? नाही म्हणायची गरज पडली नाही.

९ मे, शुक्रवार

हार मानलेली नाही. एआयवर गाण्यातून आवाज वेगळा करता येतो. वाजंत्री एका बाजूला, माणूस एका बाजूला. फाईल चढवली, दिवसभर फिरत होतं. सुमेधाला म्हणालो, गाणं काढलं की खाली आईच असणार.

संध्याकाळी झालं. गाणं काढलं त्याने, अगदी स्वच्छ काढलं. खाली काहीच नव्हतं. बारीक घरघर होती, पंख्यासारखी, ती कॅसेटची. आवाज पूर्ण मोठा करून तीही ऐकली. सुमेधा बराच वेळ कान लावून होती. मग म्हणाली, राहू द्या पप्पा.

१० मे, शनिवार

गिरिजाबाई म्हणाल्या, "सर, मला ते लावून द्या. बिनआवाजाचं." लावून दिलं. त्या टीव्हीच्या इतक्या जवळ बसल्या की मागे कोणाला काही दिसेना. परत लावा म्हणाल्या. परत लावलं. डोळे अधू झालेत बाईंचे.

मी नामकरणाच्या खुर्च्या सांगून आलो. आइस्क्रीमही.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

नामकरण झालं. बाळाचं नाव सम्यका. तथागत आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्ती, त्रिसरण, पंचशील, सगळं रीतसर. बद्रीनाथ आणि द्वारकावहिनी आले. बद्रीनाथने डब्याची आठवण केली, हळू आवाजात. उद्या देतो.

पाळण्याची वेळ आली तेव्हा सुमेधाने टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. पडद्यावर शिवकन्येने मान वर केली, तोंड उघडलं, आणि टीव्हीच्या बाजूला उभ्या असलेल्या गिरिजाबाई तिच्या ओठांबरोबर म्हणायला लागल्या. परवा त्या ओठच वाचत होत्या. शब्द त्यांना निम्मे आठवत होते, निम्मे ओठांवरून कळले. पाळणा शिवकन्येने स्वतः रचला होता म्हणे, हे मला माहीत नव्हतं. त्यात भीमाचं नाव होतं, धावड्याची विहीर होती, मावश्यांची नावं होती. आणि एका कडव्यात माझी नोकरी होती, बाळाचा बाप वीज जोडतो म्हणून. तिथे बायका हसल्या. पडद्यावरच्याही हसल्या, त्याच जागी.

आइस्क्रीमवाला आला म्हणून बाहेर गेलो. तो आला नव्हता.

परत आलो तेव्हा पाळणा संपला होता. सुमेधा रडत होती आणि हसत होती. गिरिजाबाईंना विचारत होती, मावशी, आईचा आवाज असाच होता का, तुझ्यासारखा? गिरिजाबाई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "माझा तर आता घसा बसला. मी आधीच लगीन होऊन गेल्ते बाई. तुझ्या पप्पाला इचार, त्यांनी रोज ऐकला." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुमेधाने विचारलं, पप्पा, कसा होता?

मी म्हणालो, असाच, पण जरा बारीक.

सुमेधाने मान हलवली. म्हणाली, मला वाटलंच होतं. द्वारकावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग आइस्क्रीम खरोखर आलं.

हे इथे लिहायला हरकत नाही. मला आठवत नाही. तिचं चालणं आठवतं, हात आठवतात, रागावली की भांडी कशी ठेवायची ते आठवतं. त्यात आवाज नाही. कधी गेला तेही कळलं नाही. मला वाटायचं आहे, कॅसेटमध्ये आहे, पेटीत आहे. हे लिहिताना भीती वाटते आहे.

१३ मे, मंगळवार

सकाळी गिरिजाबाईंनी चहा दिला आणि तिथेच खाली बसल्या. सुमेधा आतल्या खोलीत होती. हळूच म्हणाल्या, "सर, शिवकन्येचा आवाज बारीक न्हवता. चांगला जाड व्हता, गड्यावानी. शाळेत पोरी हसायच्या तिला. म्हनून तर ती लाजत व्हती." मी कपाकडे बघत होतो. म्हणाल्या, "काल मी काय बोलले न्हाई. चार माणसांत कसं बोलायचं. तुमीच सांगा तिला." सांगतो म्हणालो.

कप ठेवून आत गेलो. सुमेधा सम्यकाला मांडीवर घेऊन पाळणा म्हणत होती, कालचाच, येत होता तेवढा. तिचा स्वतःचा आवाज चांगला भरदार आहे. तो तिने दाबून दाबून बारीक केला होता. मला बघून थांबली. म्हणाली, पप्पा, असाच ना?

असाच म्हणालो.

कूलरमधलं पाणी संपलं होतं, ते भरलं.